व्हर्लिनच्या रॉकेटचं नाक

नॉर्बर्ट वेसलने आपल्या सख्ख्या मेव्हण्याला नापास केलं, तेव्हापासून विचिटाच्या रॉकेट क्लबात त्याच्याबद्दल दोन मतं होती. एक मत असं, की हा माणूस प्रामाणिक आहे. दुसरं असं, की प्रामाणिक असावं, पण माणसाने इतकंही असू नये. दुसऱ्या मताची माणसं जास्त होती आणि त्यांत नॉर्बर्टची बहीण होती.

मेव्हण्याचं रॉकेट खरं तर छान उडालं होतं. वर जाऊन पॅराशूट उघडलं, अलगद खाली आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नॉर्बर्टने ते हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि एका पंखाच्या मुळाशी केसाएवढी चीर शोधून काढली. नियम सरळ आहे. मोठ्या मोटरची रॉकेटं उडवायचा परवाना हवा, तर स्वतः बांधलेलं रॉकेट परीक्षकासमोर उडवायचं, आणि ते असं धड परत आलं पाहिजे की दुसरी मोटर घातली तर लगेच पुन्हा उडेल. चीर म्हणजे उडणार नाही. मेव्हणा, म्हणजे रॉडनी, म्हणाला, "अरे, ती चीर बघायला भिंग लागतंय." नॉर्बर्ट म्हणाला, "हवेला भिंग लागत नाही." पुढच्या दोन थँक्सगिव्हिंगच्या सणांना बहिणीने नॉर्बर्टच्या ताटात टर्कीची मान वाढली.

त्याचा तरी काय दोष. उभा जन्म विमानाच्या कारखान्यात पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटवर टिचकी मारून आवाज ऐकण्यात गेला. निवृत्त झाल्यावर महिनाभर त्याने घरातल्या कपाटांच्या बिजागऱ्या तपासल्या, मग बायकोनेच गोड बोलून त्याला क्लबाच्या वाटेला लावलं.

आता रॉकेट क्लबाला मुख्य गोष्टी दोन लागतात, आकाश आणि जमीन. आकाश सरकारचं असतं. कागद नीट भरले की सरकार ते दिवसभर वापरू देतं. जमीन शेतकऱ्याची असते, आणि शेतकऱ्याचं मन कागदावर सांभाळता येत नाही. या क्लबाने आजवर तीन शेतं घालवली होती. एका शेतात सौर पट्ट्या आल्या. दुसऱ्या शेतात एका गाईने पॅराशूट खाल्लं. गाय वाचली, मैत्री वाचली नाही. तिसऱ्या शेतमालकाच्या खुराड्याचं छप्पर फोडून एक रॉकेट थेट कोंबड्यांत उतरलं आणि त्या दिवसापासून त्या कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं, असं तो मालक अजून सांगतो.

मग भेटला व्हर्लिन स्टकी. सत्तरी ओलांडलेला, उंच, डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी, आणि जमीन इतकी की सूर्य त्याच्याच एका शेतात उगवायचा आणि दुसऱ्यात मावळायचा. त्याने महिन्यातून एक शनिवार आपली कुरणाची पट्टी क्लबाला दिली होती. मोबदल्यात काही घेत नव्हता. पण फुकटाची जमीन सांभाळणं हे विकतच्या जमिनीपेक्षा अवघड, हे क्लबाचा अध्यक्ष गेलेन प्रूइट ओळखून होता. गेलेन घरं विकायचा धंदा करायचा, त्यामुळे समोरच्याला हरभऱ्याच्या झाडावर कसं चढवायचं हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. व्हर्लिनकडे एका खेचराचा आणि एका पाद्र्याचा विनोद होता. तो दर महिन्याला तोच विनोद सांगायचा आणि गेलेन दर महिन्याला डोळे पुसत हसायचा.

जानेवारीत एका सकाळी हा व्हर्लिन नॉर्बर्टच्या गॅरेजात येऊन उभा राहिला. काखेत पुठ्ठ्याची लांब नळी होती.

"मला हे उडवायचंय," तो म्हणाला. "परवान्यासाठी. परीक्षक तू."

"गेलेनही परीक्षक आहे, मिस्टर स्टकी. त्याच्याकडे जरा—"

"तुला माझा खेचराचा विनोद कसा वाटतो?"

नॉर्बर्टने हातातला पाना खाली ठेवला. खोटं बोलायचं ठरवलं की त्याचं तोंडच उघडायचं नाही, हा त्याचा जुना विकार. "पहिल्यांदा बरा होता," तो म्हणाला.

"म्हणून तुझ्याकडे आलो. आणि मिस्टर स्टकी नको, व्हर्लिन म्हण." व्हर्लिन उलट्या बादलीवर बसला. "हे बघ, मी तीस वर्षं चर्चमध्ये गातोय. पुढच्या रांगेत, चांगला खड्या आवाजात. गेल्या उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नाचं रेकॉर्डिंग घरी लावलं. मी बायकोला, आर्डिथला म्हटलं, हे मागे काय ओरडतंय गं, वासरू अडकलंय का कुठे. तो मी होतो."

नॉर्बर्टने पाना उगाचच फडक्याने पुसला.

"तीस वर्षं. एवढी मंडळी, एक जण बोलला नाही. का, तर चर्चचं पार्किंग माझ्या जमिनीवर आहे. धान्याच्या कोठारावर गेलो तर सगळे माझंच बरोबर म्हणतात. न्हाव्याकडे गेलो तर तोही म्हणतो केस अजून दाट आहेत." त्याने टोपी काढून दाखवली. केस दाट नव्हते. "मला मरायच्या आधी एकदा खरी परीक्षा द्यायचीय, नॉर्बर्ट. नापास तर नापास. पण कुणी हात लावायचा नाही, आणि शेवटी असेल ते तू तोंडावर सांगायचं. कबूल?"

"कबूल," नॉर्बर्ट म्हणाला, आणि त्याला मनापासून बरं वाटलं. आपल्या या खोडीची कुणाला गरज आहे, असं त्याला आयुष्यात प्रथमच कुणी सांगत होतं.

ही बातमी क्लबात पसरली आणि गेलेनचा फोन आला.

"नॉर्ब, तू त्याला पास करणार आहेस."

"रॉकेटवर आहे ते."

"रॉकेटवर काही नाही. गेटच्या कुलपावर आहे. म्हातारा रुसला आणि कुलूप घातलं, तर आपण काय करायचं? दुकानांच्या पार्किंगमध्ये उडवायची रॉकेटं?"

"तो रुसणार नाही. त्यानेच खरं सांगायला सांगितलंय."

"अरे, सगळेच तसं सांगतात. माझी बायको नवीन ड्रेस घालून विचारते तेव्हा तीही तसंच सांगते. हे बघ, खाली आलं आणि ओळखता आलं की पास."

"असेल ते सांगेन," नॉर्बर्ट म्हणाला आणि फोन ठेवला. पण त्यानंतर दोन महिने त्याची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. शनिवारचा तो मोकळा माळ, त्या खुर्च्या, ती कॉफी, हे एवढंच त्याच्या निवृत्त आयुष्यात उरलं होतं. ते आपल्याच जिभेने घालवायचं म्हणजे काय, हे त्याला कळत होतं.

मार्च संपता संपता तो शनिवार आला. कुंपणाच्या तारांवर पक्षी ओरडत होते, वारा दक्षिणेचा होता, कुरणाला लागून गव्हाचं हिरवंगार शेत घोट्याएवढं वाढलं होतं. मंडळींनी तंबू ठोकले, खुर्च्या मांडल्या. आर्डिथ स्टकी दरवेळेप्रमाणे पिकअपमध्ये विणकाम घेऊन बसली होती. मागच्या फळीवर तिने आणलेल्या बिएरॉकचं टोपलं होतं, मांस आणि कोबी भरलेले गरम पाव, आणि त्या टोपल्याभोवती क्लबाची निम्मी माणसं उभी होती.

व्हर्लिनचं रॉकेट खांद्याएवढं उंच होतं आणि ट्रॅक्टरच्या उरलेल्या हिरव्या रंगाने रंगवलेलं होतं. नॉर्बर्टने दुरूनच पंख पाहिले. पंख उत्तम बसवले होते. तेवढ्यात मागच्या गेटवर कुणाचा तरी ट्रेलर अडकला आणि व्हर्लिन रॉकेट टेबलावर आडवं ठेवून गेट उघडायला गेला. तेव्हा नॉर्बर्टला दिसलं, की त्याने टाय लावला होता. चर्चला जायचा, निळा, गाठ घट्ट बसलेली. एवढ्या वाऱ्यात, शेतात, रॉकेट उडवायला टाय.

नॉर्बर्टने सवयीने रॉकेट उभं केलं आणि वरचं निमुळतं टोक धरून उचललं. या टोकाला हे लोक नाक म्हणतात. नाक हातात आलं आणि रॉकेट टेबलावरच राहिलं.

इथे थोडं सांगायला हवं. रॉकेटचं नाक नळीच्या तोंडात बुचासारखं बसवलेलं असतं आणि सगळी मेख त्या बसण्यात आहे. वर पोचल्यावर आत थोडी बंदुकीची दारू उडते, तिच्या धक्क्याने नाक बाहेर फेकलं जातं आणि त्याच्यामागून पॅराशूट येतं. नाक ढिलं असलं तर ते भर वेगात नको तेव्हा सुटतं आणि पॅराशूटच्या चिंध्या होतात. फार घट्ट असलं तर सुटतच नाही. उपाय साधा. नाकाच्या बुडाला टेपचा एखादा वेढा द्यायचा, रॉकेट नाकाने उचललं तर नाक निघू नये, हिसडा दिला तर निघावं. क्लबातल्या प्रत्येकाच्या खिशात टेप असते. फक्त व्हर्लिनच्या नाकाला ती नव्हती.

उडवण्याआधी प्रत्येक रॉकेट तपासणीच्या टेबलावर जातं आणि तिथे आज डॉक्टर थान फाम बसणार होता. थान दातांचा डॉक्टर, ढिलं काय आणि घट्ट काय हे त्याला बोटांनी कळायचं. इतर परीक्षकांच्या वेळी टेबलावर चूक निघाली तर माणूस ती दुरुस्त करून पुन्हा यायचा. नॉर्बर्टकडे तसं नव्हतं. टेबलावरून परत आलेला माणूस नॉर्बर्टच्या लेखी तिथेच नापास. हा नियम पुस्तकातसुद्धा नव्हता, नॉर्बर्टने स्वतः काढला होता आणि गेली कित्येक वर्षं त्याला त्याचा अभिमान होता.

म्हणजे म्हाताऱ्याचं रॉकेट जमीनही सोडणार नव्हतं. टाय लावून आलेला माणूस सगळ्यांदेखत टेबलावरूनच परत जाणार होता.

नॉर्बर्टने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खिशातून पांढरी कागदी टेप काढली. नाकाला दीड वेढा दिला, नाक बसवलं, उचलून पाहिलं, हिसडा देऊन पाहिलं. बरोबर बसलं होतं. मग तो रॉकेटपासून लांब जाऊन उगाचच आकाशाकडे बघत उभा राहिला. त्याचे कान तापले होते. हे सगळं शेतासाठी, क्लबासाठी, असं त्याने स्वतःला सांगितलं, पण डोळ्यांसमोर तो टाय होता.

त्या सकाळी व्हर्लिनला काही ना काही कामाने सारखं रॉकेटपासून लांब जावं लागत होतं, आणि तो लांब गेला की त्याच्या टेबलापाशी कुणी ना कुणी घुटमळताना दिसत होतं. एकदा गेलेन शीळ वाजवत तिथून आला. एकदा डॉक्टर थान रुमालाला हात पुसत आला. त्यांच्याआधी आर्डिथही खाली उतरून रॉकेटवरची धूळ पुसून गेली. नॉर्बर्टचं त्याकडे लक्ष होतं आणि नव्हतंही. चोराच्या मनात चांदणं. जो तो आपल्याकडेच बघतोय असं त्याला वाटत होतं.

तपासणीची वेळ आली. व्हर्लिनने रॉकेट दोन्ही हातांनी डॉक्टर थानच्या समोर धरलं. थानने पंख हलवून पाहिले, मोटर पाहिली, मग नाक धरून हिसडा दिला. नाक हललं नाही. त्याने रॉकेट मांडीत दाबून धरलं आणि जरा जोर लावला. नाक हललं नाही.

नॉर्बर्ट एक पाऊल पुढे आला. दीड वेढ्याने इतकं घट्ट? कदाचित उन्हाने पुठ्ठा फुगला असेल. आता नाक उपटून बघितलं तर आत टेप दिसणार, आणि व्हर्लिन म्हणणार, मी तर टेप लावली नव्हती.

थानने वर पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. "जरा घट्ट आहे, नाही का?" तो कुणालाच उद्देशून न म्हणाल्यासारखं म्हणाला.

"घट्टच बरं," गेलेन घाईघाईने म्हणाला. "वारा बघ केवढा आहे. वाऱ्याच्या दिवशी घट्टच बरं असतं. नाही का रे, नॉर्ब?"

उभा जन्म ज्याने 'हे चालणार नाही' एवढंच वाक्य म्हटलं, त्या नॉर्बर्टने तोंड उघडलं आणि मिटलं. "वारा आहे," तो म्हणाला. हे खोटं नव्हतं. थानने कागदावर सही केली आणि तिघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

व्हर्लिन स्वतः रॉकेट घेऊन पॅडवर गेला, स्वतः वायर जोडल्या, परत येऊन टाय सारखा केला. गेलेनने माइकवर आकडे उलटे मोजले. फसफसून धूर झाला आणि ते हिरवं रॉकेट असं सरळ वर गेलं की नॉर्बर्टला सगळं विसरायला झालं. वाऱ्यातही ते जरासुद्धा वाकलं नाही. व्हर्लिन मान मागे टाकून बघत होता आणि त्याचं तोंड उघडं होतं.

वर, अगदी वर, रॉकेट थांबल्यासारखं झालं. बारीकसा 'ठुप' असा आवाज आला. नळीच्या बुडाशी धुराचं एक वेटोळं दिसलं. बस. नाक तिथेच होतं. रॉकेटने आपलं ते नाक सावकाश खाली केलं आणि घराकडे निघालं.

"वर बघा," गेलेन माइकवर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "सगळ्यांनी वर बघा."

अशा वेळी सगळ्यांनी उभं राहून पडणाऱ्या रॉकेटकडे बोट दाखवायचं, म्हणजे ज्याचं लक्ष नसेल त्यालाही कळतं कुठून काय येतंय, अशी इथली रीत. सगळा माळ बोट दाखवत उभा राहिला. आर्डिथनेही पिकअपच्या खिडकीतून विणायची सुई वर केली. व्हर्लिन आपल्याच रॉकेटकडे बोट दाखवत होता. ते बोट सावकाश खाली खाली येत गेलं आणि गव्हाच्या शेतापाशी थांबलं. धप्प असा आवाज आला.

एरवी कुणाचं रॉकेट असं पडलं की काय जल्लोष होतो. हॉर्न वाजतात, टोप्या उडतात, आणि गेलेन माइकवर म्हणतो, "माती परीक्षणाचा नमुना घेतलेला आहे." आज मात्र सगळे मूग गिळून बसले. फक्त तंबूचं कापड वाऱ्याने फडफडत होतं.

"काय झालं?" व्हर्लिनने सगळीकडे पाहिलं. "गेल्या महिन्यात डॉक्टरचं पडलं तेव्हा तर तुम्ही नाचत होता." त्याने पिकअपमधून फावडं काढलं आणि तो गव्हाकडे चालू लागला. मागून नॉर्बर्ट, गेलेन आणि थान निघाले, प्रेतयात्रेला निघावं तसे.

गव्हात फक्त हिरवे पंख वर दिसत होते, बाकी सगळं जमिनीत. अति तिथे माती म्हणतात, ती अशी समोर होती. व्हर्लिनने कुणाच्या हातात फावडं न देता स्वतः खणलं. नळीची चुरगळून घडी झाली होती. त्याने चाकूने ती उभी चिरली, नाक मोकळं केलं आणि त्याच्या बुडाकडे बघत राहिला.

"मी टेप लावलीच नव्हती," तो म्हणाला.

त्याने नखाने वरचा पापुद्रा सोलला. तो पातळ, कापडी, दवाखान्यातला होता. त्याच्याखाली निळी टेप. निळीच्या खाली एक जाड, मेणचट, पिवळसर. आणि सगळ्यांत खाली पांढरी कागदी, दीड वेढा.

डॉक्टर थान म्हणाला, "कापडी माझी आहे. अर्धाच वेढा होता. मला वाटलं, खालचे तुमचेच आहेत आणि थोडे कमी पडतायत." दाढ काढताना 'दुखणार नाही' म्हणतात त्या आवाजात तो हे म्हणाला.

"निळी टेप काय, कुणीही वापरतं," गेलेन म्हणाला. निळ्या टेपचं रीळ त्याच्या पट्ट्याला लटकत होतं. व्हर्लिन त्या रिळाकडे बघत राहिला. "मिस्टर स्टकी, तुमच्या भल्यासाठीच हो," गेलेन शेवटी म्हणाला.

नॉर्बर्टचा हात खिशात टेपवर होता. त्याला वाटलं, गप्प बसलं तर कुणाला कळणार नाही. पांढरी टेप कुणाकडे नसते? आणि मग त्याला इतकी लाज वाटली की त्याने हात बाहेर काढला. "खालची माझी," तो म्हणाला. "सगळ्यांत आधी मीच लावली."

व्हर्लिनने मान वर केली. "तू?" तो हळूच म्हणाला. "गेलेनचं मला काही वाटत नाही. गेलेन गेलेनच आहे. पण तू, नॉर्बर्ट?"

मेव्हण्याने, बहिणीने, कारखान्यातल्या साहेबांनी त्याला आजवर खूप बोलून घेतलं होतं. त्यातलं काही इतकं लागलं नव्हतं.

व्हर्लिन फावड्यावर टेकला. "बरं. निकाल सांग."

"नॉर्ब," गेलेन पुटपुटला, "जरा विचार कर."

"नापास," नॉर्बर्ट म्हणाला.

"रॉकेट पडलं तुमच्या टेपांनी, आणि नापास मी?"

"टेप लावली नसती तरी नापास. नाक माझ्या हातात आलं होतं. तू टेबलावरूनच परत गेला असतास. तिथून चुकून सुटला असतास, तरी मोटर विझताक्षणी नाक निघालं असतं, पॅराशूटच्या चिंध्या झाल्या असत्या आणि रॉकेट इथेच कुठेतरी पडलं असतं. पंख छान बसवलेस. माझ्यापेक्षा छान. पण नाकाचं तुला काही कळलेलं नाही."

गेलेनने डोळे मिटून घेतले.

व्हर्लिनने हे सगळं सावकाश ऐकून घेतलं. "म्हणजे कुणाच्याही मदतीशिवाय, माझा मीसुद्धा नापासच झालो असतो."

"नक्की."

"शंका नाही?"

"अजिबात नाही."

व्हर्लिनच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. त्याने टायची गाठ सैल केली. "गेलेन, ऐकलंस का? विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं असतं. आता तो माइक घे आणि ते मातीचं बोल."

"कुठलं मातीचं?"

"सगळ्यांना बोलतोस ते. मला का नाही?"

गेलेनने कमरेचा माइक तोंडाशी नेला. "माती परीक्षणाचा," तो चाचरत म्हणाला, "नमुना घेतलेला आहे." मग कुणीतरी हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने, मग सगळा माळ ओरडायला लागला. व्हर्लिनने टोपी काढून चारी दिशांना हलवली. आपल्याला हे लोक इतकं हसतायत याचा त्याला झालेला आनंद नॉर्बर्टला शरमेने बघवेना.

"एक राहिलं," थान म्हणाला. "ही पिवळसर टेप कुणाची?"

व्हर्लिनने ती बोटांत चोळून पाहिली. "ही आमच्या फ्रीजरमधल्या पुड्यांना लावायची," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी बांधावरच्या पिकअपकडे पाहिलं. पिकअपची काच वर जायला लागली.

"शिवाय पिकाचं नुकसान झालंय," नॉर्बर्ट म्हणाला. आता सुरुवात केलीच होती तर पुरतं सांगायला हवं होतं. "उडवणाऱ्याने टोपी काढून मालकाची माफी मागायची. नियम आहे."

"मालक मीच."

"कुरणाचा तू. हा गहू आर्डिथच्या वडिलांच्या तुकड्यातला आहे, असं तूच सांगतोस."

व्हर्लिन टोपी हातात घेऊन पिकअपपाशी गेला. काच चार बोटं खाली आली.

"तुझ्या गव्हात खड्डा पाडला," तो म्हणाला. "माफ कर."

"गहू येईल भरून."

"आणि टेप? कुणी हात लावायचा नाही, असं मी बजावलं होतं."

"ते तू यांना बजावलं होतंस, मला नाही. ते नाक काल रात्री तीन वेळा माझ्या पायावर पडलं."

"मग ढिलं आहे म्हणून सांगायचं ना मला."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

व्हर्लिनने टोपी हातात फिरवली. "म्हणालो असतो, तुला काय कळतं."

"मग," आर्डिथ म्हणाली आणि तिने काच पूर्ण खाली केली. "बिएरॉक गार होतायत. त्या माणसांना खायला बोलाव."

व्हर्लिन टोपी डोक्यावर घालून परत आला. खड्ड्यापाशी एकटा नॉर्बर्ट उभा होता. त्याने गळ्यातलं परीक्षकाचं ओळखपत्र काढून हातात धरलं होतं.

"हे गेलेनला देतोय," नॉर्बर्ट म्हणाला. "तू मला एकच गोष्ट सांगितली होतीस. मला जमली नाही."

व्हर्लिनने ओळखपत्राकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "नापास झालेल्या माणसाचं तुमच्यात काय करतात? हाकलून देतात?"

"नाही. पुढच्या महिन्यात परत बसायचं."

"मग बस की," व्हर्लिन म्हणाला. "मीही येतोय." आणि त्याने फावडं नॉर्बर्टच्या हातात दिलं.